दिशाच्या हळदीचा गुरुवार

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिनानाथच्या दिशाचं लग्न ठरलं आणि त्याच लग्नाच्या तयारीत सुलूच्या गळ्यातली गाठ सापडली.

तारापूरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला चिकूच्या वाड्या आहेत. त्यातल्या एका वाडीत दोन भावांची दोन घरं. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, फक्त जास्वंदीची रांग. थोरला बळवंत वारला होता, त्याच्या घरात त्याची बायको सुलू एकटी राही. धाकट्या दिनानाथच्या घरात तो, त्याची बायको नर्मदा आणि दिशा. सुलूला मूलबाळ झालं नाही. नर्मदेला झालं तेही उशिरा, एकच. त्यामुळे दोन्ही घरांत मिळून लेक एकच होती. लहानपणी ती जास्वंदीखालून सरपटत या घरात यायची आणि नर्मदा पलीकडून ओरडायची, "वयनी, आमचं कार्टं तुमच्याकडं हाय का?" सुलू म्हणायची, "हितं कोण नाय गो, एक मांजर आलंय तेवढं."

सुलूला गावात मान होता तो गाण्यामुळे. त्यांच्याकडे लग्नाची गाणी कुठे लिहिलेली नसत. हळद लावताना वेगळं, नवरी न्हाताना वेगळं, तिला निरोप देताना वेगळं. ती सासूकडून सुनेकडे यायची. पहिली ओळ एकीने उचलायची आणि बाकीच्या बायकांनी तिच्यामागे म्हणायची, अशी रीत. जिने गाणं उचलायचं तिच्या दारात नवरीची आई हळदीच्या आधी नारळ घेऊन जाई. नारळ घेतला की ती बाई बांधली गेली. मग ताप असो, दुखणं असो, तिने मांडवात बसायचं. विधवेने हळदीला हात लावायचा नाही हे होतंच, पण गाण्याला तशी आडकाठी नव्हती. बळवंत गेल्यावर सुलूला लग्नाच्या मांडवात हक्काची एवढी एकच जागा राहिली होती, आणि ती तिने जपली होती.

तर लग्नासाठी ब्लाउज शिवायला म्हणून ती तारापूरच्या बाजारात हंसाकडे गेली. हंसा शिवणकाम करायची, बोलायलाही भारी. गळ्याचं माप घेता घेता ती थांबली. तिने टेप बाजूला ठेवली आणि तांब्या पुढे केला.

"सुलूमावशी, पाणी प्या."

"मला नाय लागली तहान."

"प्या तरी. मी सांगते म्हणून."

सुलूने घोट घेतला. हंसाने तिला आरशापुढे उभं केलं. "आता परत घ्या आणि इथं बघा."

घोटाबरोबर गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. चिकूच्या बीपेक्षा मोठं, अख्ख्या चिकूपेक्षा लहान. सुलू दोन-तीनदा पाणी प्यायली. दरवेळी ते तसंच हललं.

"दुखतं?" हंसाने विचारलं.

"नाय बा."

"दुखत नाय तेच वाईट," हंसा बोलून गेली आणि मग जीभ चावली. "म्हणजे तसं नाय हो मावशी. दाखवून या एकदा. बोईसरला."

"कोणाला बोलू नकोस," सुलू म्हणाली. "लग्नघर हाय."

बोईसरला कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, तरुण, चष्मेवाले. त्यांनी मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला, रक्त तपासायला लावलं, सोनोग्राफी करायला लावली. रक्त ठीक आलं. सोनोग्राफीत मात्र गाठ एकच, पण घन निघाली आणि तिच्या कडा एका जागी नीट दिसत नव्हत्या. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले.

"आजी, गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तुमच्या वयात तिच्यात गाठी होणं फार कॉमन आहे. अर्ध्या बायकांना असतात, कळतही नाही. शंभरातल्या नव्वदच्या वर साध्या निघतात."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांतल्याही बऱ्याचशा ऑपरेशनने पूर्ण बऱ्या होतात. हा कॅन्सर झालाच तरी हळू चालणारा असतो. इथे रिपोर्टात चार नंबर लिहिलाय, तो बघून घाबरायचं नाही. ही चौथी स्टेज नाही. सगळे तिथेच घाबरतात. हा नंबर नुसतं सांगतो, की सुई घालून बघा. बारीक सुई असते, थोड्या पेशी काढतात, काचेवर पसरून तपासतात. बस."

"आवाज जाईल का?"

डॉक्टरांना हा प्रश्न अपेक्षित नसावा. "सुईने? नाही हो. ऑपरेशन लागलं तर आवाजाची नस तिथूनच जाते, ती सांभाळून करतात. पण ती पुढची गोष्ट. तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"बाहेर हाय," सुलू म्हणाली. बाहेर कोणी नव्हतं.

सुईची तपासणी पालघरला व्हायची. तिथे मुंबईचे डॉक्टर दर गुरुवारी येत. येते दोन गुरुवार भरलेले होते, तिला मिळाला तो त्यांच्या पुढचा. बोईसरहूनच तिने फोन लावला तेव्हा तिथल्या मुलीने ही तारीख सांगितली. त्याच संध्याकाळी दिशाची हळद होती. "दुसरा दिवस नाय का?" तिने विचारलं. मुलगी म्हणाली, "त्याच्यानंतर डॉक्टर महिनाभर सुट्टीवर आहेत, आजी." सुलू म्हणाली, "बरं, लिही."

डॉक्टरांपुढे बसून तिला सगळं कळलं होतं. शेअर रिक्षातून घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं निसटलं आणि वाडीत पाऊल टाकलं तेव्हा तो चार आकडा तेवढा उरला.

सांगायचं तिने ठरवलं होतं. त्याच दुपारी ती जास्वंदी ओलांडून गेली. नर्मदा ओट्यावर हळदीच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती आणि शेजारणीला सांगत होती, "गेल्या साली त्या एका लग्नात पोरीच्या आजीला हळदीच्या दिवशीच दवाखान्यात नेली. पोराकडच्यांनी तेव्हापासून जे तोंड वाकडं केलं ते आजतागायत सरळ नाय. पोरगी काय सुखी नाय गो." मग तिने वर पाहिलं. "या वयनी, बसा. काय म्हणता?"

"काय नाय," सुलू म्हणाली. "सूप हवं होतं."

सूप घेऊन ती परत आली. तिच्या घरात आधीच दोन सुपं होती.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. वाट बघणं म्हणजे काय, तर दिवसातून कितीदा तरी आरशापुढे उभं राहून घोट घ्यायचा. गाठ वाढली का? कधी वाटे वाढली, कधी वाटे हलतच नाही. वाडीत कोणी नसताना तिने एकदा हळदीचं गाणं उचलून पाहिलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो, तिथे गळ्यात काहीतरी आडवं आलं. ते गाठीमुळे की भीतीमुळे हे तिला सांगता आलं नसतं. हळदीचं गाणं मध्ये तुटलं तर नवरीच्या संसाराला बरं नाही, असं सासू सांगायची. या हळदीला आपण गाणं उचलायचं नाही, असं सुलूने मनातल्या मनात तिथेच ठरवलं.

म्हणून नर्मदा नवी साडी नेसून, पानात सुपारी आणि हातात नारळ घेऊन दारात आली तेव्हा सुलूने हात पुढे केला नाही.

"या वेळेला दुसऱ्या कोणाला दे, नर्मदे. माझं आता होत नाय."

नर्मदेला आधी मस्करी वाटली. "कोणाला देऊ? कोणाला येतं? वयनी, आपल्या दिशाचं लगीन हाय. दुसऱ्याचं नाय."

"घसा धरत नाय."

"काल विहिरीवरून हाका मारत होता तुमी. तवा धरला होता?"

नर्मदा नारळ घेऊन परत गेली.

संध्याकाळी जास्वंदीपलीकडून बोलणं ऐकू आलं. आवाज चढलेला होता, ऐकू जावं अशा बेतानेच.

"रुसल्यात त्या," नर्मदा म्हणत होती. "पहिलं आवतण माझ्या भावाला दिलं ना, म्हणून."

"कशापायी दिलंस?" दिनानाथचा आवाज. "देवानंतर थोरल्या घराला द्यायचं, ही काय आजची रीत हाय?"

"अवो, तो पालघरला निघाला होता, म्हटलं पत्रिका घेऊनच जा. वयनी काय परक्या हायत? दहा पावलांवर हायत, कवाही देता येईल."

"तेच तर. परक्याला राग नाय येत."

सुलू अंधारत चाललेल्या घरात बसून ऐकत होती. पहिलं आवतण कोणाला गेलं हे तिच्या ध्यानातही नव्हतं. खरं तर तिला हसू आलं. मग ते हसू तसंच विरलं. उठून जावं, सांगावं, असं नाही, बाबांनो, असं आहे. पण सांगितलं की आठ दिवसांवर आलेल्या हळदीवर दवाखान्याची सावली. नर्मदा रडणार, दिशा रडणार, दिशाच्या सासरी कळणार. रुसलेली थोरली जाऊ प्रत्येक लग्नात असते. तिला कोणी अपशकुन म्हणत नाही. सुलूला वाटलं, हेच बरं आहे.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ स्वतः आला. पासष्टीचा माणूस, दारात चप्पल काढून लहान मुलासारखा उभा राहिला. हातात पुडकं होतं, त्यात मोतिया रंगाची साडी.

"वयनी, चुकलं आमचं. दादा असता तर मला दोन थोबाडीत दिल्या असत्या. बायकोची अक्कल, माझी पण नजर नाय गेली. आता राग सोडा."

"मला राग नाय रे दिनानाथ."

"राग नाय म्हणणाऱ्या बाईचाच राग मोठा. घ्या ही. तुमी नाय घेतलीत तर मी इथनं हलत नाय."

त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि उन्हातून आल्यामुळे तो धापा टाकत होता. सुलूला त्याची दया आली. एवढ्यासाठी त्याला दारात उभं ठेवायचं? तिने साडी घेतली आणि त्याला पाणी दिलं.

तिथे ती चुकली. मानाची साडी घेणं म्हणजे भांडण मिटलं आणि आपण मांडवात येऊन बसणार, असा त्याचा अर्थ. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या घडीला तिला फक्त दिनानाथचा चेहरा दिसला. तो हसत घरी गेला आणि पलीकडे नर्मदा मोठ्याने म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं? साडीपाशीच अडलं होतं."

गुरुवारी सकाळी सुलू मांडवाच्या मागच्या बाजूने, चिकूच्या झाडांतून रस्त्यावर आली आणि पालघरची एसटी पकडली. कोणी विचारलंच तर देवळात गेले होते म्हणायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. मांडवात खुर्च्या उतरत होत्या.

पालघरच्या त्या दवाखान्यात बाकावर तिच्या शेजारी विक्रमगडकडचं एक जोडपं होतं. बाईचं नाव बायडी. तिच्या गळ्यावर गाठ होती ती आरशाशिवाय दिसणारी, नारळाएवढी. ती मोकळेपणाने बोलत होती.

"किती वरसं हाय ही?" सुलूने विचारलं.

"मोठा पोरगा झाला तवापासून. आता त्याला पोरं हायत." बायडी हसली. "तुझी कुठं हाय?"

सुलूने पदर सरकवून दाखवली. बायडीने वाकून पाहिलं. "ही? एवढीशी? मंगळ्या, बघ रे, हिची केवढीशी हाय."

तिच्या नवऱ्याने मान पुढे करून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "लहान हाय."

सुलूला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसू आलं. बायडीने विचारलं, "तुझ्याबरोबर कोण हाय?"

"कोण नाय. घरात लगीन हाय."

"लगीन हाय? मग तू हितं काय करतेस?"

सुलूने पदर पुन्हा गळ्याभोवती ओढून घेतला. बायडीने पुन्हा विचारलं नाही. मंगळ्याने पिशवीतून भाकरी काढली, तीन तुकडे केले आणि एक सुलूच्या हातावर ठेवला.

आत तिला आडवं निजवलं. खांद्याखाली उशी, मान मागे टाकलेली. गळ्यावर गार जेल लावून डॉक्टर पडद्यावर गाठ बघत होते. "आता गिळायचं नाही, बोलायचं नाही. हलायचं नाही." सुई टोचली, आत हलली, बाहेर आली. पुन्हा एकदा. पुन्हा. दुखलं ते मुंगी चावल्याहून जास्त आणि तिने मनात धरलं होतं त्याहून फार कमी. एवढ्या दिवसांची वाट आणि काम पाच मिनिटांचं. नर्स म्हणाली, "झालं आजी. थोडा वेळ बाहेर बसा, मग कोणाबरोबर तरी घरी जा." ती बाहेर आली तेव्हा बायडीला आत नेलं होतं. मंगळ्या दाराला टेकून उभा होता, बायकोच्या चपला हातात घेऊन.

संध्याकाळी गळ्याला चिकटपट्टी लावलेली सुलू आपल्या घरात बसली. आवाज बसला होता, पाणी गिळताना दुखत होतं. मांडवात दिवे लागले. दोनदा कोणीतरी तिच्या दारापर्यंत आलं, हाक मारली. तिने पदर गळ्याभोवती घट्ट घेतला आणि दुसऱ्या हाकेला ओट्यावर येऊन सांगितलं, "बरं नाय मला. तुमी करा सुरू."

ती हाक मारणारी नर्मदाच होती. तिने सुलूकडे एकदा पाहिलं. "साडी घेतलीत तुमी," ती हळू म्हणाली. "मोतिया. मी निवडली होती." आणि वळून गेली.

हळद सुरू झाली. कोणीतरी गाणं उचललं, दुसऱ्याच ओळीला अडखळलं. बायका हसल्या. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा गोंधळ. मग दिशाच्या मैत्रिणींनी स्पीकर लावला आणि त्यावर मोठ्या आवाजात नाच सुरू झाला. सुलूच्या घराची कौलं त्या आवाजाने थरथरत होती. ती देवापुढे बसून होती. देवाला काय मागावं हे तिला सुचेना, आवाज मागावा की आयुष्य. शेवटी तिने काहीच मागितलं नाही.

लग्नाला ती गेली. मोतिया साडी नेसली, पदर गळ्याभोवती. कोणी वाकडं बोललं नाही, तेच लागलं. नर्मदा पाहुण्यांना विचारावं तसं विचारून गेली, "जेवलात का?" दिशा निघताना पाया पडली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, त्यात सुलूसाठी वेगळं काही होतं की नाही, ते सुलूला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. असं होतं कधी कधी, बोईसरचे डॉक्टर म्हणाले, म्हणजे वाईट असं नाही, पण सुई पुन्हा टोचावी लागेल, दीड-दोन महिन्यांनी. सुलू रिकाम्या मांडवाच्या खड्ड्यांवरून घरी आली. पुन्हा तीच वाट.

हे गुपित शेवटी हंसाच्या पोटातून बाहेर पडलं. नर्मदा ब्लाउज सैल करायला गेली आणि जावेच्या रुसव्याचं पुराण लावून बसली, तेव्हा हंसाला राहवलं नाही. त्या दिवशी नर्मदा घरीसुद्धा गेली नाही, थेट सुलूच्या स्वयंपाकघरात आली.

"दाखवा."

सुलूने पदर काढला. नर्मदेने गाठीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

"हळदीच्या दिवशी तुमी पालघरला होता?"

"हो."

"एकट्या?"

"लगीन होतं ग. सांगून काय..."

"मी तुमाला चार माणसांत नावं ठेवली. लालची बाई म्हटलं. तुमी ऐकलंत आणि गप बसलात." नर्मदेचा आवाज फुटला. पण ती रडली नाही, चिडली. "वयनी, माणूस परक्यापासून दुखणं लपवतो. आमाला वाटलं आमी तुमाला परकं केलं. तुमीच आमाला केलंत."

सुलूला वाटलं होतं, खरं कळलं की सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. नर्मदा दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर पालघरला गेली, पाण्याची बाटली घेऊन, औषधांची पिशवी धरून. बाकावर शेजारी बसली. सुलू आत जाताना तिच्या गळ्यातली माळ काढून घेतली, बाहेर आल्यावर घातली. पण जाता-येता एसटीत दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही, ऑपरेशन नाही, दर वर्षी सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा नर्मदा हात जोडून म्हणाली, "सुटलो." सुलूला मात्र त्या क्षणी आनंदाआधी हे आठवलं, की हे तिला हळदीच्या दिवशी ठाऊक असतं तर.

त्यानंतर दोन वर्षांनी दिनानाथ दम्याने गेला. शेवटपर्यंत तो सुलूला म्हणायचा, "वयनी, मला तरी सांगायचं होतं." दिशा वापीला नांदते, तिला मुलगी झाली, सासरचे चांगले आहेत. फोन करते तेव्हा आधी गाठीचं विचारते, मग बाकीचं. हंसाने दुकान बोईसरला हलवलं आणि तिथे तिचं बरं चाललंय. बायडीचं पुढे काय झालं, हे सुलूला कधी कळलं नाही. पालघरला गेली की ती त्या बाकाकडे एकदा बघते.

नर्मदा पलीकडच्या घरात आता एकटी राहते. दोघी जावा संध्याकाळी विहिरीवर भेटतात, भाजीपाल्याचं बोलतात, एकमेकींकडे वाटी पाठवतात. सुलूच्या घशाला काही झालेलं नाही. गावात लग्नं होतात, तिच्या दारात गाण्याचं आवतण कोणी आणत नाही. तिला झेपत नसेल, असं बायका आपसात म्हणतात. तिने ते कधी खोडून काढलं नाही. गेल्या वैशाखात नर्मदा सोनोग्राफीला येते म्हणाली होती, पण तिचे गुडघे धरले. सुलू एकटीच जाऊन आली. गाठ तेवढीच आहे.